सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमांवरून काढलेला एनडीव्हीआय (वनस्पतींच्या हिरवेपणाचा निर्देशांक) २०२२ पासून एकदम घसरला आहे. वनस्पती खरोखरच कमी झाल्या असतील का?

तृणांकुर (प्रश्न)

नमस्कार.

सुमारे ३८ चौरस किलोमीटरच्या एका संमिश्र भूभागावर मी २०१९ पासून उपग्रह प्रतिमांच्या साहाय्याने लक्ष ठेवून आहे. या भूभागात उघडे गवताळ माळ आहेत, विरळ झुडपे आहेत, ओढ्यांच्या काठाने पानगळीची झाडे आहेत, दोन लहान तळी आहेत आणि एका बाजूला उघड्या खडकाचा बराच मोठा पट्टा आहे. पाऊस संपल्यानंतरच्या साठ दिवसांतील सेंटिनेल-२ च्या प्रतिमा मी दर वर्षी उतरवून घेते, ढगाळ भाग वगळते, दहा मीटरच्या प्रत्येक चौकोनासाठी एनडीव्हीआय काढते आणि त्या साठ दिवसांचा मध्यक त्या वर्षाचा आकडा म्हणून धरते. वातावरणीय दुरुस्ती केलेल्या, म्हणजे लेव्हल-२ए प्रकारच्या प्रतिमाच मी वापरते, आणि ज्या त्या वर्षाच्या प्रतिमा त्या त्या वर्षीच उतरवून ठेवल्या आहेत.

२०१९, २०२० आणि २०२१ या तीन वर्षांत गवताळ भागाचा आकडा ०.५२ ते ०.५६ या दरम्यान राहिला आणि ओढ्याकाठच्या झाडांचा ०.७८ च्या आसपास. २०२२ मध्ये मात्र गवताचा आकडा ०.३६ वर आला, झाडांचा ०.५० वर आला, आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांपैकी एकही पूर्वपदावर गेला नाही. २०२२ चा पाऊस सरासरीइतका होता. आग लागल्याची किंवा तोड झाल्याची नोंद नाही. मी स्वतः जाऊन पाहिले तेव्हा झाडे मला पूर्वीइतकीच दाट वाटली, पण रोजच्या पाहण्यातल्या गोष्टीतला बदल डोळ्यांना कळत नाही हेही मला ठाऊक आहे, म्हणून केवळ नजरेच्या भरवशावर आकडे बाजूला सारण्याचे धाडस होत नाही. या जमिनीबाबत निर्णय घेणाऱ्यांकडे माझा अहवाल जाणार आहे, त्यामुळे चुकीचे काही लिहिले जाऊ नये अशी मनापासून इच्छा आहे.

दुसरी शंका पश्चिमेकडच्या उताराबद्दल आहे. तेथे कोरड्या हंगामाच्या शेवटी काढलेला एनडीव्हीआय २०१९ मध्ये ०.२२, २०२० मध्ये ०.२४ आणि २०२१ मध्ये ०.२७ होता. २०२२ मध्ये तो ०.१९ झाला, पण तेथूनही तो पुन्हा थोडा थोडा वाढतो आहे. ही वाढ म्हणजे तिथल्या गवताळ परिसंस्थेची सुधारणा, असे म्हणता येईल का? आणि तिसरे म्हणजे, ऐन पावसाच्या महिन्यांत एकही स्वच्छ प्रतिमा मिळत नाही. त्या काळासाठी काय करावे?

तरंगलांबी

आपण वर्षे आणि आकडे नेमके दिले आहेत, त्यामुळे पहिल्या शंकेचे उत्तर बऱ्याच खात्रीने देता येते. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रतिमा ०४.०० या नव्या प्रक्रिया-आवृत्तीने तयार होऊ लागल्या, आणि त्या आवृत्तीत प्रत्येक पट्ट्याच्या (म्हणजे लाल, निकट-अवरक्त अशा प्रकाशाच्या एकेका भागाच्या) साठवलेल्या आकड्यात १००० मिळवले जातात. काळोख्या पृष्ठभागांवर वातावरणीय दुरुस्तीनंतर परावर्तन (पडलेल्या प्रकाशापैकी परत फिरणारा वाटा) कधी कधी शून्याच्या किंचित खाली जाते. पूर्वी असे ऋण आकडे शून्यापाशी कापले जात आणि तेवढी माहिती नाहीशी होत असे. ती टिकावी म्हणून सगळी मोजपट्टीच १००० ने वर सरकवली गेली. पूर्वी साठवलेल्या आकड्याला १०००० ने भागले की परावर्तन मिळत असे. आता आधी १००० वजा करायचे आणि मग १०००० ने भागायचे. ही वजाबाकी राहून गेली, तर प्रत्येक पट्ट्याचे परावर्तन खऱ्यापेक्षा ०.१ ने जास्त दिसते.

आता आपल्याच आकड्यांवर हे ताडून पाहू. दाट झाडांचे लाल पट्ट्यातील परावर्तन ०.०४ आणि निकट-अवरक्त पट्ट्यातील ०.३२ धरा. दोहोंतील फरक ०.२८ आणि बेरीज ०.३६; फरकाला बेरजेने भागले की एनडीव्हीआय ०.७८. दोन्ही पट्ट्यांत ०.१ मिसळले, तर फरक ०.२८ च राहतो, पण बेरीज ०.५६ होते आणि एनडीव्हीआय नेमका ०.५० येतो. गवतासाठी ०.०९ आणि ०.३० धरले, तर खरा आकडा ०.५४ आणि सरकलेला ०.३६. आपल्या दोन्ही वर्गांतील घसरण इतकी हुबेहूब जुळते की मला दुसरे कारण शोधण्याची गरज वाटत नाही.

तरीही माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्याकडे दोन तळी आणि खडक आहेत, हे या कामी फार मोलाचे आहे. स्वच्छ पाण्याचा एनडीव्हीआय ऋण असतो, कारण पाणी निकट-अवरक्त प्रकाश जवळजवळ संपूर्ण शोषून घेते. मोजपट्टी सरकल्याने सगळेच आकडे शून्याकडे ओढले जातात, म्हणजे झाडांचा आकडा खाली येतो आणि पाण्याचा वर जातो. झाडे सुकवणारा आणि त्याच वर्षी तळ्याचा एनडीव्हीआय वाढवणारा, शिवाय खडकाचाही आकडा कमी करणारा दुष्काळ असत नाही. तळ्यांच्या मध्यभागाचे आणि खडकाचे २०२१ व २०२२ चे आकडे शेजारी ठेवून पाहा.

यातील एक बाब सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती या निर्देशांकाच्या मुळाशी जाते. हिरवे पान लाल प्रकाश शोषते, कारण हरितद्रव्याला तो प्रकाशसंश्लेषणासाठी हवा असतो. उलट सुमारे ७०० ते १३०० नॅनोमीटर या पट्टीतील निकट-अवरक्त प्रकाश पानाच्या आतील पेशी आणि त्यांच्यातील हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर वारंवार वळून मोठ्या प्रमाणात बाहेर फेकला जातो. या दोहोंतील तफावतीला त्यांच्याच बेरजेने भागण्यामागचा हेतू असा की, ऊन कमी-अधिक असले किंवा उतार सूर्याकडे थोडा कमी वळलेला असला, तर दोन्ही पट्टे सारख्याच पटीने बदलतात आणि भागाकारात ती पट निघून जाते. परंतु दोन्ही पट्ट्यांत सारखीच रक्कम मिळवली गेली, तर ती भागाकारात निघून जात नाही. पटीचा बदल हा निर्देशांक सहन करतो आणि बेरजेचा बदल त्याला सहन होत नाही. विरळ धुके किंवा धूलिकण यांमुळे वातावरणातूनच परतणारा प्रकाशही अशाच बेरजेच्या रूपाने येतो, म्हणून वातावरणीय दुरुस्ती न केलेल्या प्रतिमांत एनडीव्हीआय खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

नकाशाकार

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र दुरुस्ती करताना एक दक्षता घ्यावी. १००० वजा करायचे की नाही, हे प्रतिमेच्या तारखेवरून ठरवू नये. ते प्रक्रिया-आवृत्तीवरून ठरवावे. युरोपीय अंतराळ संस्थेने जुन्या प्रतिमांचा संग्रह नव्या पद्धतीने पुन्हा तयार केला आहे, त्यामुळे २०१९ मध्ये टिपलेली प्रतिमा आज नव्याने उतरवून घेतली तर तीही १००० ने सरकलेली मिळू शकते. आवृत्तीचा क्रमांक फाइलच्या नावातच ‘एन’ या अक्षरापुढे चार अंकांत लिहिलेला असतो, आणि किती रक्कम वजा करायची ते प्रतिमेसोबतच्या माहितीपत्रात नोंदलेले असते. गुगल अर्थ इंजिन या उपग्रह प्रतिमांच्या ऑनलाइन मंचावर ‘हार्मोनाइज्ड’ हा शब्द नावात असलेला संग्रह घेतल्यास ही वजाबाकी आधीच झालेली असते. तेथे आपण पुन्हा वजाबाकी केली, तर दाट झाडीचे लाल परावर्तन ऋण होते आणि एनडीव्हीआय १ च्या वर जातो. असे आकडे दिसू लागले की दुरुस्ती दोनदा झाली आहे असे समजावे.

तृणांकुर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल सर्व फाइलींची नावे तपासली. २०२१ पर्यंतच्या सर्व प्रतिमा जुन्या आवृत्तीच्या आहेत आणि २०२२ पासूनच्या सर्व नव्या. तळ्याच्या मध्यभागाचा आकडा २०२१ मध्ये उणे ०.२० होता, तो २०२२ मध्ये उणे ०.०४ झालेला दिसला, आणि खडकाचा ०.११ वरून ०.०८ वर आलेला दिसला. तेवढ्यानेच माझी खात्री पटली. वजाबाकी करून सर्व आकडे नव्याने काढले, तेव्हा झाडांचा आकडा सहाही वर्षांत ०.७६ ते ०.७९ या दरम्यान राहिला. गवताचा आकडा २०२२ मध्ये ०.५४, कमी पावसाच्या २०२३ मध्ये ०.४७ आणि २०२४ मध्ये ०.५५ आला. गेली दोन वर्षे मी ज्या ऱ्हासाची चिंता करत होते, तो मुळात झालेलाच नव्हता.

पश्चिमेच्या उतारावरील कोरड्या हंगामाची वाढ मात्र दुरुस्तीनंतर अधिकच स्पष्ट झाली आहे. ०.२२, ०.२४, ०.२७, ०.२९, ०.३१ आणि ०.३४ अशी ती सहा वर्षांत एकदाही खाली न येता चढत गेली आहे, २०२३ च्या कमी पावसातसुद्धा. त्याच उताराचा पावसानंतरचा आकडा मात्र जवळपास स्थिर आहे. ही चांगली खूण मानावी का?

पायवाट

गवताळ प्रदेशांत काम करण्यात माझा बराच काळ गेला आहे, म्हणून या दुसऱ्या शंकेबद्दल लिहिते. आपण दिलेली आकड्यांची जोडी, म्हणजे पावसानंतरचा आकडा स्थिर आणि कोरड्या हंगामाच्या शेवटचा आकडा सतत वाढता, मला चांगली खूण वाटत नाही. कोरड्या हंगामाच्या शेवटी गवत वाळून पिवळे पडलेले असते, आणि निरोगी गवताळ माळाचे त्या वेळी तसेच असणे स्वाभाविक आहे. त्या दिवसांत जमिनीवर जो हिरवेपणा उरतो, तो खोल मुळांच्या झुडपांचा आणि झाडांचा असतो. तो दर वर्षी वाढत असेल आणि कमी पावसाच्या वर्षीही अडत नसेल, तर गवतात झुडपे घुसत आहेत ही शक्यता सर्वांत आधी तपासायला हवी. घाणेरी आणि वेडी बाभूळ या मूळच्या अमेरिका खंडांतील वनस्पती जगातील अनेक उष्ण प्रदेशांत अशाच पसरल्या आहेत. झुडपांच्या सावलीत गवत विरळ होते, उघड्या माळावर घरटे करणारे पक्षी तेथून निघून जातात, चराई आक्रसते. उपग्रहाच्या प्रतिमेत मात्र तो उतार दर वर्षी अधिक हिरवा दिसत राहतो.

एनडीव्हीआय हिरव्या पानांचे प्रमाण सांगतो. ती पाने कोणाची आहेत आणि त्या जागी ती असायला हवीत की नकोत, हे तो सांगू शकत नाही. जागतिक पातळीवरही हाच प्रश्न आलेला आहे. नासाच्या उपग्रहांवरील मोडिस संवेदकाच्या २००० ते २०१७ या काळातील नोंदींवरून जगातील पर्णक्षेत्र सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, आणि या वाढीतील सुमारे एक तृतीयांश वाटा चीन आणि भारत या दोन देशांचा होता. परंतु भारतातील वाढीपैकी ८२ टक्के वाढ शेतजमिनीवरची होती, म्हणजे ती मुख्यतः सिंचन, खते आणि वर्षातून एकाहून अधिक पिके घेण्याचा परिणाम होती. शेतीच्या दृष्टीने ती महत्त्वाची गोष्ट आहे, पण तिला वनांचे किंवा नैसर्गिक परिसंस्थांचे पुनरुज्जीवन म्हटले तर ते सरळ चुकीचे ठरेल. एकाच जातीची लागवड, घुसखोर झुडपे आणि जुने मिश्र जंगल या तिघांचा एनडीव्हीआय अगदी सारखा असू शकतो. गवताळ प्रदेशांना याचा सर्वाधिक फटका बसतो, कारण त्यांचा हिरवेपणा वर्षातून काही महिनेच टिकतो आणि वर्षाची सरासरी पाहणाऱ्याला ते ओसाड वाटतात.

त्यामुळे आता प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही, आणि ती कोरड्या हंगामाच्या शेवटीच करायला हवी. उतारावर ३० मीटर बाय ३० मीटरच्या चौकटी निवडा. एवढी मोठी चौकट सांगण्याचे कारण असे की, मोबाइलवरील जीपीएस काही मीटरने चुकतो आणि प्रतिमाही जमिनीवर तंतोतंत बसलेली नसते. चौकट जेमतेम दहा मीटरची असेल, तर आपण मोजलेली जागा आणि उपग्रहाने मोजलेली जागा एकच आहे याची हमी राहत नाही. चौकटी वाटेच्या कडेने सोयीप्रमाणे निवडू नका, कारण वाटेच्या कडेला गुरे, माणसे आणि वाहने यांच्यामुळे झुडपांचे प्रमाण आधीच वेगळे असते. एनडीव्हीआय सर्वाधिक वाढलेला भाग, थोडा वाढलेला भाग आणि अजिबात न वाढलेला भाग असे तीन गट करा आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या जागा काढा. प्रत्येक चौकटीत झुडपे, जिवंत गवत, वाळलेले गवत, उघडी माती आणि दगड यांनी किती टक्के जमीन झाकली आहे, ते लिहा. झुडपांची जात लिहा. चारही दिशांना छायाचित्रे घ्या आणि पुढच्या वर्षी नेमक्या त्याच जागी उभे राहून पुन्हा घ्या.

वाळलेल्या गवताबद्दलही सावध करते. लाल आणि निकट-अवरक्त या दोन पट्ट्यांना वाळलेले गवत आणि उघडी माती जवळपास सारखीच दिसते. त्यामुळे कोरड्या हंगामातील कमी एनडीव्हीआयवरून जमीन उघडी पडली आहे, तेथे चारा उरलेला नाही किंवा वणव्याला जळण नाही, असा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. तेथे गुडघाभर वाळलेले गवत उभे असू शकते. शिवाय वनस्पती विरळ असतील तेथे मातीचा रंगही आकड्यात मिसळतो. विरळ झाडोऱ्याखालची माती भिजून काळपट झाली, तर एकही नवे पान न येता एनडीव्हीआय वाढतो. मातीचा हा प्रभाव कमी करण्यासाठी १९८८ मध्ये सावी हा सुधारित निर्देशांक मांडला गेला. उतारासाठी तोही काढून पाहा. वाढ त्यातही तशीच दिसली, तर ती मातीची नाही असे अधिक ठामपणे म्हणता येईल.

ढगांपलीकडे

तिसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे पावसाच्या महिन्यांबद्दल लिहितो. ढगांतून पाहण्यासाठी रडार वापरता येते, आणि सेंटिनेल-१ च्या प्रतिमा मोफत मिळतात. त्याची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर आहे, त्यामुळे ढग त्याला अडवत नाहीत आणि ते स्वतःच तरंग सोडत असल्याने रात्रीही मोजणी होते. पण रडारचा आकडा म्हणजे एनडीव्हीआयचा पर्याय अशी समजूत करून घेऊ नका. रडारला हिरवेपणा मुळीच दिसत नाही. त्याला पाने-फांद्यांची रचना, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि पाणी दिसते. पावसाच्या दिवसांत माती भिजली की परतणारा संकेत वाढतो, आणि गवताळ माळावर ही वाढ गवत उगवल्यामुळे झालेल्या वाढीपेक्षा मोठी असू शकते. म्हणून व्हीव्ही (उभ्या कंपनाचे तरंग सोडून उभ्याच कंपनाचे टिपणे) आणि व्हीएच (उभ्या कंपनाचे सोडून आडव्या कंपनाचे टिपणे) या दोन ध्रुवीकरणांचे गुणोत्तर पाहणे बरे. झाडोऱ्यात संकेत अनेक वेळा वळून परत येत असल्याने व्हीएचचा वाटा वनस्पतींबरोबर वाढतो, आणि मातीच्या ओलाव्याचा परिणाम गुणोत्तरात काही प्रमाणात कमी होतो.

चढत्या (उत्तरेकडे जाणाऱ्या) आणि उतरत्या (दक्षिणेकडे जाणाऱ्या) कक्षेतील प्रतिमा एकत्र मिसळू नका, कारण एकच उतार एका कक्षेतून रडारसमोर येतो आणि दुसऱ्या कक्षेतून त्याच्या पाठीमागे जातो. रडार प्रतिमेतील ठिपक्यांचा गोंगाट सरासरी घेतल्याशिवाय जात नाही, तेव्हा एकेका चौकोनाऐवजी गवत, झाडे, उतार अशा सलग तुकड्यांचे आकडे पाहा. आणि वर जी गोष्ट एनडीव्हीआयबाबत घडली, तिची येथेही आठवण ठेवा. सेंटिनेल-१ बी हा उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि सेंटिनेल-१ सी डिसेंबर २०२४ मध्ये सोडला गेला, त्यामुळे मधल्या काळात अनेक ठिकाणी प्रतिमांची संख्या कमी आहे. कोणत्या महिन्याचा आकडा किती प्रतिमांवरून काढला आहे, ते आकड्याशेजारी लिहीत चला.

झुडपे वाढत आहेत का, याच प्रश्नासाठी लांब तरंगांचे रडार अधिक उपयोगी ठरेल. सुमारे २४ सेंटिमीटरच्या एल-पट्ट्यातील तरंग पानांच्या थरातून आत जातात आणि जाड फांद्या व खोडांवरून परततात, त्यामुळे गवत आणि काष्ठमय वनस्पती यांच्यातील भेद त्यांना अधिक स्पष्ट दिसतो. नासा आणि इस्रो यांचा निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी सोडला गेला. तो एल आणि एस अशा दोन्ही पट्ट्यांत दर १२ दिवसांनी त्याच कक्षेतून मोजणी करण्यासाठी बांधलेला आहे. मागील सहा वर्षांचे उत्तर त्याच्याकडून मिळणार नाही, पण पुढच्या सहा वर्षांसाठी आजच आधाररेषा ठरवता येईल.

तरंगलांबी

पायवाट यांनी उताराबद्दल जे लिहिले आहे ते मला पटते. फक्त, सहा वर्षे हा काळ कल ठरवण्यासाठी अपुरा आहे, आणि येथे तो वाढवता येतो. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेतील लँडसॅट-५ च्या ३० मीटरच्या प्रतिमा १९८४ पासून आहेत आणि लँडसॅटचा संपूर्ण संग्रह २००८ पासून विनामूल्य खुला आहे. ३० मीटरचा चौकोन आपल्या उतारासाठी पुरेसा आहे. झुडपांची वाढ २०१९ मध्ये सुरू झाली की २००० पासूनच चालू होती, यावर पुढचा निर्णय बराचसा अवलंबून असेल.

मात्र वेगवेगळ्या लँडसॅट उपग्रहांचे आकडे थेट एकापुढे एक जोडू नका. लँडसॅट-८ चा निकट-अवरक्त पट्टा आधीच्या उपग्रहांपेक्षा अरुंद आहे आणि बाष्पाचे शोषण होणारा भाग त्यातून वगळलेला आहे, त्यामुळे त्याच जमिनीचा एनडीव्हीआय त्यावर थोडा जास्त येतो. दुरुस्ती न करता जोडलेल्या मालिकेत २०१३ नंतर सर्वत्र हिरवळ वाढल्याचा आभास होतो. लँडसॅट-७ ची एक यंत्रणा ३१ मे २००३ रोजी निकामी झाली आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक प्रतिमेत सुमारे २२ टक्के भाग रिकाम्या पट्ट्यांच्या रूपाने गेलेला असतो; त्या वर्षांत साठ दिवसांच्या मध्यकात किती निरीक्षणे उरतात ते पाहावे लागेल. २०१३ पासूनच्या काळासाठी लँडसॅट आणि सेंटिनेल-२ यांचा मेळ घातलेला ३० मीटरचा संग्रह नासाने तयार केला आहे, तो वापरल्यास बरेचसे कष्ट वाचतील.

एका मुद्द्यावर मी थोडी वेगळी सूचना करतो. केवळ पावसानंतरचा आणि कोरड्या हंगामाच्या शेवटचा, असे दोनच आकडे वर्षातून घेण्याऐवजी संपूर्ण वर्षाची वक्ररेषा काढा. हिरवेपणा कधी चढू लागतो, शिखरावर कधी पोहोचतो आणि किती वेगाने उतरतो, यावरून गवत आणि झुडपे वेगळी ओळखता येतात. गवताचा उतार तीव्र असतो, झुडपांचा संथ असतो. दोन आकड्यांत हा फरक हरवतो, आणि एखाद्या वर्षी पाऊस तीन आठवडे लांबला, तर ठरावीक साठ दिवसांची खिडकी वाढीच्या वेगळ्याच टप्प्यावर पडते. २०२३ मधील ०.४७ हा आकडा पाऊस कमी झाल्याचा आहे की तो लवकर संपल्याचा, हेही वक्ररेषेवरून कळेल.

ओढ्याकाठच्या झाडांसाठी आणखी एक गोष्ट. ०.७८ हा आकडा वरच्या मर्यादेजवळ आहे. जमिनीच्या एका चौरस मीटरवर पानांचे क्षेत्र सुमारे तीन चौरस मीटरच्या पुढे गेले की लाल प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषला गेलेला असतो आणि त्यापुढे पाने वाढली किंवा थोडी घटली, तरी एनडीव्हीआय फारसा हलत नाही. सहा वर्षे तो स्थिर आहे, याचा अर्थ झाडे सहा वर्षे जशीच्या तशी आहेत असा होत नाही. सेंटिनेल-२ वर लाल आणि निकट-अवरक्त यांच्यामधील चढत्या कडेवर ७०५, ७४० आणि ७८३ नॅनोमीटर असे तीन पट्टे आहेत. त्यांवरून काढलेला निर्देशांक दाट पर्णसंभारातही बदल दाखवत राहतो. त्या पट्ट्यांचा चौकोन २० मीटरचा आहे, तेव्हा झाडांची रांग अगदी अरुंद असेल तेथे तो वापरू नये.

तृणांकुर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. लँडसॅटची मालिका जमवायला सुरुवात केली आहे. उतारासाठी सावी काढून पाहिला आणि वाढ त्यातही तशीच आहे. कोरड्या हंगामाच्या शेवटी पाहणी करायचे ठरवले आहे. तिन्ही गटांत मिळून ४८ चौकटी आखल्या आहेत. तोपर्यंत अहवाल थांबवून ठेवता येणार नाही. उताराबद्दल त्यात काय लिहावे, आणि पाहणी नेमक्या कोणत्या दिवसांत करावी?

पायवाट

अहवालात मोजलेले आणि अनुमानाने म्हटलेले यांची वाक्ये वेगळी ठेवा. ‘पश्चिम उतारावर कोरड्या हंगामाच्या शेवटचा एनडीव्हीआय २०१९ मधील ०.२२ वरून २०२४ मध्ये ०.३४ झाला आहे. पावसानंतरच्या आकड्यात तशी वाढ नाही. गवतात काष्ठमय वनस्पती वाढत असण्याची शक्यता यावरून दिसते आणि ती प्रत्यक्ष पाहणीने पडताळायची आहे’ इतके लिहिणे आज योग्य ठरेल. ‘सुधारणा’ आणि ‘ऱ्हास’ हे दोन्ही शब्द या टप्प्यावर टाळा, कारण सुधारणा म्हटले तर झुडपे तशीच राहतील आणि ऱ्हास म्हटले तर कदाचित तिथली मूळची झुडपेही कापली जातील. आधीच्या आकड्यांत झालेली मोजपट्टीची चूक आणि तिची दुरुस्ती हीसुद्धा अहवालात स्पष्ट नोंदवा. जुना आलेख कोणाच्या हाती असेल, तर त्यांना दोन आलेखांतील फरकाचे कारण कळायला हवे.

पाहणीच्या दिवसांसाठी उपग्रहाच्या येण्याच्या तारखा आधी पाहून ठेवा. सेंटिनेल-२ ची जोडी साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाते आणि कोरड्या हंगामात आकाश बहुधा निरभ्र असते, तेव्हा पाहणी एखाद्या फेरीच्या आगेमागे चार-पाच दिवसांत पूर्ण होईल असे बघा. हंगाम संपता संपता अवेळी पाऊस पडला, तर काही दिवसांतच गवताला नवी पाती फुटतात आणि झुडपांचा हिरवेपणा त्यात मिसळून जातो. तसे झाले तर त्या वर्षीची ती प्रतिमा तुलनेतून वगळावी लागेल, पण चौकटींतील नोंदी तरीही उपयोगी पडतील. ४८ चौकटी दोन माणसांना चार दिवसांत होतात. झुडपांच्या जातीबद्दल शंका वाटेल तेथे पान, फूल आणि साल यांची जवळून छायाचित्रे घ्या आणि चौकटीच्या क्रमांकासह येथे टाका. ओळखायला मी मदत करीन.